सासूबाईंचा ताबा

पहिल्याच महिन्यात मी एका घरमालकाला भाडेकरू समजून अर्धा तास कायदा शिकवला.

चूक सगळी माझी नव्हती, थोडी त्याच्या चपलांची होती. एका चपलेचा अंगठा तारेने बांधलेला, पँट गुडघ्यावर विरलेली, हातात भाजीची पिशवी. चपला दाराबाहेर काढून तो खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. माझ्या डोक्यातला घरमालक सोन्याची साखळी घालतो आणि खुर्चीत पसरून बसतो. त्यामुळे "साहेब, खोलीचं भांडण आहे," एवढं तो म्हणाला आणि मी सुटलो.

"काका, आधी पाणी प्या. घाबरायचं अजिबात नाही. लेखी करार आहे?"

"नाही."

"उत्तम! करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. त्याने नाही केला, तर भाडेकरू सांगेल ते खरं धरतात. आता एकच शब्द लक्षात ठेवा. ताबा! ज्याचं कुलूप, त्याचा ताबा. तुम्ही दोन दिवस बाहेर गेलात आणि मागे त्याने आपलं कुलूप ठोकलं, की संपलं. मग तुम्ही कोर्टात चकरा मारा, तो आत पंखा लावून झोपेल."

"म्हणजे कुलूप लावलं की झालं?"

"झालंच म्हणून समजा!"

त्याने पिशवीतून कसलीशी पावती काढली आणि तिच्या पाठीवर लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय हे दृश्य लग्नानंतर मी पहिल्यांदाच बघत होतो, त्यामुळे आणखी खुललो. कुलूप तोडलं तर काय होतं, कुलपावर दुसरं कुलूप घातलं तर काय होतं, सगळं ओतलं. शेवटी आमचा फॉर्म पुढे ओढला.

"हं, मालकाचं नाव सांगा."

"माझंच लिहा," तो म्हणाला. "चाळ माझीच आहे साहेब. दहा खोल्या. नऊ खाली झाल्या, एक बाई हलत नाही."

शेजारच्या टेबलावरून वकीलबाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. तो नमस्कार करून गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "वा! आज आपण समोरच्या पार्टीचा क्लास घेतलात."

या वकीलबाई आमच्या प्रमुख. चाळीस वर्षं दिवाणी कोर्टात काढून निवृत्त झालेल्या. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहा ते बारा त्या भाडेकरूंना फुकट सल्ला देतात आणि मी त्यांचा मदतनीस आहे. एरवी मी विमा कंपनीत दाव्यांच्या फायली सरकवतो. तरुणपणी वकिलीची दोन वर्षं केली होती, तिसऱ्या वर्षी नोकरी लागली आणि लग्नही झालं. उरलेला कायदा पोटात तसाच राहिला होता. पन्नाशीला तो बाहेर पडायला लागला. "घरात कोणी ऐकत नाही म्हणून बाहेर ऐकवायला जातात," असं माझी बायको पाहुण्यांना सांगते.

त्या रविवारीही घरी जेवताना मी सगळा प्रसंग साभिनय सादर केला. तारेची चप्पल, खुर्चीची कड, "माझंच लिहा." मुलगी हसून हसून ठसका लागेपर्यंत हसली. बायको पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, "आणि ती बाई?"

"कुठली बाई?"

"हलत नाही म्हणाला ती."

मी म्हटलं, येईल की, तिला गरज असेल तर येईल.

सल्लाकेंद्र म्हटलं की लोकांना अर्ज, शिक्के, सह्या असं काहीतरी वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण आमच्या टेबलावर जे येत होतं ते बहुतेक रक्ताळलेलं असायचं. एक निवृत्त मास्तर तपकिरीच्या पुडीत स्वतःचा दात घेऊन आले होते. मालकाच्या मुलाने नळाच्या पाइपने पाडलेला. पुरावा म्हणून त्यांनी तो धुतलाही नव्हता. नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुलींच्या गाद्या मालकिणीने जिन्यावरून खाली फेकल्या आणि गाद्यांमागोमाग एका मुलीलाही. एका मालकाने संडासाचं भांडं घणाने फोडलं आणि तोच घण मांडीवर घेऊन तो भाडेकरूची वाट बघत बसला. उलटंही व्हायचं. एका धिप्पाड भाडेकरूने सत्तरीच्या मालकाच्या कानशिलात अशी वाजवली की त्याच्या कानाचा पडदा फाटला, आणि मग आमच्याकडे येऊन खुर्ची ओढत विचारतो, "बोला साहेब, माझे हक्क काय?"

या सगळ्यांना मी एकच सांगायचो. हात उचलायचा नाही. हात उचलला की केस गेली. हे मी फार ठासून सांगायचो, आणि हे सांगणारा माणूस मोरीत झुरळ दिसलं तर बायकोला हाक मारतो, हे समोरच्याला माहीत नसायचं.

ती बाई दोन रविवारांनी आली. उजव्या हाताची दोन बोटं लाकडी पट्टीला बांधलेली, नखं काळीनिळी. चाळिशीची, काटक, सुरगाण्याकडची. नवरा वारलेला. गंगापूर रोडलाच एका पोळीभाजी केंद्रात पहाटेपासून दुपारपर्यंत पोळ्या करायची. पेठ रोडच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या चाळीत तिची खोली होती.

"बोटांना काय झालं?" वकीलबाईंनी विचारलं.

"मालकानं दार लावलं."

"आणि बोटं?"

"दारातच व्हती."

मग सगळं बाहेर आलं. प्लॉटवर इमारत बांधायची होती म्हणून मालकाने एकेकाला हुसकावलं होतं. पाणी तोडलं, वीज तोडली, एकाच्या दारात मेलेलं कुत्रं टाकलं. बाकीचे गेले. हिला जाता येईना, कारण घरात सासू होती. खुब्याचं हाड मोडलेलं, वर्षभर खाटेला खिळलेली. गावाकडचं घर पडलेलं, आणि महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचं तर नाशिकच हवं. "दुसरी खोली बघाया गेले का लोक इचारत्यात, घरात कोन कोन? म्हातारी खाटंवर हाय म्हनलं की नगं म्हनत्यात. मरनाऱ्या मान्साला खोली कोन देतं सायेब?"

"मालक दिसायला कसा आहे हो?" मी सहज विचारलं.

"लय साधा. चप्पल तारंनं बांधतो."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी मनाई हुकमाच्या दाव्याची तयारी सुरू केली. मला माझी चूक निस्तरायची होती, म्हणून मी खुर्ची पुढे ओढून त्या बाईला दुप्पट जोरात समजावलं. "ताई, काहीही झालं तरी ताबा सोडायचा नाही. खोली एक मिनिटही रिकामी ठेवायची नाही. तो कुलूप घेऊन टपलेला आहे."

"रिकामी कशी राहील? सासू असतीच की. ती कुठं जानार?"

"मग झालं तर!" मी टाळी वाजवली. "तुमच्या सासूबाई हाच तुमचा ताबा! त्यांना सांगा, कोणीही आलं, काहीही म्हणालं, तरी ताबा सोडू नका."

तिला हसू आलं. पट्टीचा हात तोंडावर धरून ती हसली. हे वाक्यही मी घरी जेवताना सांगितलं. सासूबाई हाच ताबा. मुलगी हसली. बायकोने मला आणखी आमटी हवी का विचारलं.

दावा दाखल झाला. सोमवारी सुनावणी होती, आणि आधीच्या शनिवारी, भर मे महिन्यात, दुपारी दीडच्या सुमारास मला फोन आला. मी आणि बायको भाच्याच्या लग्नासाठी आहेराची कळशी घेऊन दुकानातून बाहेर पडत होतो.

"सायेब, कुलूप लावलंय." मागे रस्त्याचा आवाज, तिला दम लागलेला. "मी कामावरून आले तं कुलूप. सासू आत हाय."

"आत? आत कशी?"

"आत हाय वो! पत्र्यात! सकाळधरनं!"

स्कूटरवर मागे बायको, तिच्या मांडीवर कळशी. मी तिला म्हणालो, तुला घरी सोडतो. ती म्हणाली, "घर उलट्या बाजूला आहे. चला."

चाळ म्हणजे बांबू-विटांच्या दहा खोल्यांची एक रांग, वर पत्रे. नऊ खोल्यांची दारं काढून नेलेली. आत कोणाकोणाचं मागे राहिलेलं, फुटकी बादली, कॅलेंडर, एका उंबऱ्यापाशी पाटा-वरवंटा. फक्त दहाव्या खोलीला दार होतं आणि त्याच्या कडीला तळहाताएवढं पितळी कुलूप. समोर कडुनिंबाच्या सावलीत मालक प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, त्याच्या शेजारी तिशीचा पुतण्या, व्यायामशाळेत घडवलेला, हातात कुदळीचा दांडा. गल्लीतले पंधरावीस जण लांब उभे. ती बाई दाराला कान लावून बसलेली.

आतून आवाज येत होता. वाटी खाटेच्या लोखंडी पायावर आपटल्याचा. टण. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टण.

मी पोलिसांना फोन केला. गाडी निघतेय म्हणाले. वकीलबाईंना लावला, त्या नांदगावला कुठल्या कार्यक्रमात, आवाज तुटत होता. मग मी शर्ट नीट खोचला आणि मालकासमोर जाऊन म्हणालो, "हे बेकायदेशीर आहे."

"या साहेब, बसा," तो उठला. खरंच उठला, आणि मला खुर्ची दिली. "तुम्हीच सांगितलं होतं ना? ज्याचं कुलूप त्याचा ताबा. मी लिहून ठेवलंय."

"आत माणूस आहे!"

"म्हातारीला बाहेर ये म्हटलं, ती येत नाही. आता हिने सही केली की उघडतो." त्याने खिशातून घडी घातलेला स्टँपपेपर काढला. खोली राजीखुशीने सोडत आहे, कोणतीही तक्रार नाही. "एक मिनिटाचं काम आहे. हिला सांगा तुम्ही. तुमचं ऐकते ती."

"ती मरेल आत!"

"मग लवकर सांगा."

हे तो चिडून म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. बस किती वाजता सुटते ते सांगावं तसं म्हणाला. मी आणखी एक कलम सांगितलं. पुतण्याने दांडा माझ्या छातीला लावला आणि हळूच ढकललं. मी दोन पावलं मागे गेलो. गल्लीतून कोणीतरी हसलं.

मी मोबाइलमध्ये वेळ बघत होतो. पोलीस येईपर्यंत थांबायचं. हात उचलायचा नाही. पत्र्यावर ऊन एवढं होतं की त्याच्या वरची हवा हलताना दिसत होती. बायको कधी गेली कळलं नाही. कोपऱ्यावरच्या नळावर जाऊन आहेराची कळशी भरून घेऊन आली आणि दारापाशी ठेवून उभी राहिली. तिने मालकाकडे पाहिलं नाही, पुतण्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे बघत राहिली.

मग माझ्या लक्षात आलं, बराच वेळ वाटी वाजली नाहीये.

"आई!" सून दारावर थापा मारायला लागली. "आई, वाटी वाजीव! आई!"

काही नाही.

ती उठली, मालकासमोर आली. "आन पेन."

मालकाने पेन दिलं, कागद खुर्चीच्या पाठीवर ठेवला. पट्टी बांधलेल्या हातात पेन धरता येईना. तिने डाव्या हातात घेतलं, पेन पडलं. तो म्हणाला, "अंगठाच दे," आणि शाईची डबी काढायला खिशात हात घातला. डबी पण आणली होती त्याने. डबीचं झाकण निघेना, म्हणून तो ते पँटला पुसून पुन्हा फिरवायला लागला, सावकाश, जिभेचं टोक बाहेर काढून.

मी उंबऱ्यापाशी गेलो आणि वरवंटा उचलला.

पहिला घाव मी माझ्याच अंगठ्यावर घातला. दुसरा कुलपावर बसला. कुलपाला काही झालं नाही. तिसरा घातला तेव्हा पाठीत काहीतरी फुटल्यासारखं झालं. पुतण्याचा दांडा. मी दारावर आदळलो. मी वळायच्या आत दुसरा फटका कपाळावर आला आणि डाव्या डोळ्यात गरम गरम काहीतरी उतरलं. मला आधी वाटलं घाम.

मागे मालक ओरडत होता. शहरातली भाषा सुटली होती त्याची, सटाण्याकडची आली होती. "मनं घर शे! मनं घर शे ते!" माझं घर आहे, एवढंच तो म्हणत होता. त्याने सुनेची वेणी धरून तिला खाली ओढलं. ती पडता पडता उलटी फिरली आणि पोळ्या लाटून लाटून घट्ट झालेला डावा तळवा तिने त्याच्या तोंडावर हाणला. त्याच्या नाकातून रक्ताची पिचकारी तिच्या पदरावर. त्याने वेणी सोडली नाही. तिने त्याचं मनगट दाताने धरलं. दोघं धुळीत लोळत होती आणि स्टँपपेपर त्यांच्या खाली चुरगळत होता.

पुतण्याने दांडा पुन्हा उगारला. मी वरवंटा फिरवला. कुठे लागेल याचा विचार केला नव्हता. घाव त्याच्या गुडघ्यावर बसला. कैरी अडकित्त्यात फोडताना होतो तसा आवाज झाला. त्याचा पाय भलत्याच बाजूला वळला आणि तो खाली बसला.

पुढचं मला आठवतं ते असं. तो पुन्हा उठायला लागला. म्हणून मी पुन्हा मारलं, खांद्यावर. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. फायली, कलमं, "घाबरायचं नाही काका," सगळं कुठच्या कुठे गेलं होतं. हात गरम झाला होता, हलका झाला होता. तो तिसऱ्यांदा वर गेला तेव्हा कोणीतरी मागून माझं मनगट पकडलं. बायको. तिची पकड एवढी असेल हे मला पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं.

"दार," ती म्हणाली. "दार!"

तिने आणि मी खांदा लावला. कुलूप शेवटपर्यंत तुटलं नाही. कोयंडाच चौकटीतून उपटून आला आणि कुलूप त्याला तसंच लटकत राहिलं.

आतली हवा भट्टीसारखी तोंडावर आली. म्हातारी खाटेवर उताणी, लुगडं अंगाला चिकटलेलं, डोळे उघडे. वाटी जमिनीवर. बायकोने पदर कळशीत बुडवून तिच्या ओठांवर पिळला, मग मानेवर, मग छातीवर. मी दारात उभा राहून रक्त गाळत होतो, आणि माझ्या मनात एकच, मेली असेल तर. मेली असेल तर काय.

ओठ हलले. बायको खाली वाकली.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"घरात आहे म्हणतायत."

मीही वाकलो. म्हातारी त्यांच्या डोंगराकडच्या बोलीत पुटपुटत होती. "मी आहा ना घरात. मी आहा." दोन्ही हातांनी तिने खाटेची कड एवढी घट्ट धरली होती की दवाखान्यात न्यायला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

पोलीस आले. सगळ्यांना नेलं. मला कपाळाला सहा टाके, पुतण्याच्या गुडघ्याच्या वाटीचे तीन तुकडे. दोन्हीकडून तक्रारी लिहून घेतल्या गेल्या. आरोपींच्या रकान्यात एकीकडे मालक आणि पुतण्या, दुसरीकडे मी. नाकात कापूस घालून बसलेला मालक हवालदाराला परत परत सांगत होता, "विचारा म्हातारीला! मी खाट उचलून निंबाखाली ठेवायला लावली होती. सावलीत! पाणी पण देत होतो. कुलूप मला रिकाम्या खोलीलाच लावायचं होतं. ती येईनाच! याला चावली!" पुतण्याने मनगट दाखवलं. म्हातारीला चारच दात होते. चारही उमटले होते.

मी म्हटलं, खोटं बोलतोय.

रात्री जामिनावर सुटलो आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. म्हातारीला सलाईन लावलेलं, पण चेहऱ्यावर तरतरी. सुनेने माझी ओळख करून दिली, "आई, ते सायेब. कायद्याचे." म्हातारीने मला जवळ बोलावलं. तिला मला काहीतरी अभिमानाने सांगायचं होतं.

"त्यो उचलाया आला व्हता खाट," ती म्हणाली. "म्हने चल मावशे, सावलीत नेतो. मी म्हनलं, नाय. सायबानं सांगलंय, ताबा सोडायचा नाय. दोघं उचलाया लागले तं चावले एकाला. मंग त्याला राग आला. कुलूप घातलं त्यानं. मी नाय भ्याले. मी म्हनलं, आसू दे, ताबा आपल्याकडं हाय."

मी हो हो म्हणालो. शाब्बास आजी, असंही काहीतरी म्हणालो. बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसलो. सून पाठोपाठ आली. तिच्याही ओठाला टाका होता. ती म्हणाली, "तुमी सांगितलं तसंच तिला सांगत व्हते रोज कामावर जाताना. पाठ झालं व्हतं तिला."

सोमवारी वकीलबाईंनी कोर्टाला सगळं सांगितलं, माझ्यासकट. मनाई हुकूम मिळाला. पाणी, वीज जोडून देण्याचा आदेशही झाला. खोली राहिली. आजही दोघी तिथेच आहेत, नऊ बिनदाराच्या खोल्यांच्या शेवटी. दाराला नवा कोयंडा आहे, आणि खाट आता खिडकीपाशी सरकवली आहे. समोर निंबाखाली मालक रोज संध्याकाळी येऊन खुर्ची टाकून बसतो. सून कामावर जाताना म्हातारीला आता काय सांगून जाते, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. वकीलबाईंनी मला तीन महिने टेबलावर बसू नका म्हणून सांगितलं. "कायदा तुम्हाला येतो," त्या म्हणाल्या. "समोरचा माणूस काय ऐकतोय तेवढं शिका, मग या."

भाच्याचं लग्न पुढच्या गुरुवारी होतं. नवी कळशी घ्यावी लागली, कारण आधीची दवाखान्यात म्हातारीच्या खाटेखाली राहिली होती. कपाळावर पट्टी बघून मांडवात सगळ्यांनी मला घेरलं. अरे काय रे हे, कोणी मारलं, बायकोने का? मग काय, मी सुरू झालो. तारेच्या चपलेपासून. "माझंच लिहा"ला मेहुणा खुर्चीवरून घसरला. पहिला घाव स्वतःच्या अंगठ्यावर, इथे मी अंगठा वर करून दाखवला. म्हातारीचे चार दात, इथे चार बोटं वर. पुतण्याचं व्यायामशाळेतलं शरीर मी थोडं वाढवलं. एक फटका दिला, तो पडला, पुन्हा माझ्या अंगावर आला, दुसरा दिला. एका काकूंनी माझी दृष्ट काढायचा आग्रह धरला. बायको पंगतीत वाढायला गेली होती, मधेच पाणी द्यायला आली, थोडा वेळ उभी राहिली, परत गेली.

जेवणं झाली. आम्ही स्कूटरवर घरी निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून तिचा आवाज आला, रोजच्यासारखाच, दूध संपलंय सांगावं तसा.

"तो अंगावर आला नव्हता. खाली बसून त्याने हात जोडले होते. तुम्ही दुसरा मारलात तेव्हा ते जोडलेलेच होते. पुढच्या वेळी सांगाल तेव्हा ते सांगा, नाहीतर माझ्यासमोर सांगू नका."